टांगेचं माप

माझी टांग ७४ सेंटीमीटर आहे. हा आकडा मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळला. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभी राहिले, जाडजूड शब्दकोश दोन पायांच्या मधून सायकलच्या सीटसारखा घट्ट वर ओढून धरला, आणि त्याची वरची कड भिंतीला जिथे टेकली तिथे लेकीने पेन्सिलने रेघ मारली. रेघेपासून फरशीपर्यंत टेप सोडला. ७४. त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये उतरून शेजाऱ्यांच्या जुन्या २२ इंची (हे माप फ्रेमच्या सीटखालच्या नळीचं) जेन्ट्स सायकलची मधली दांडी मोजली. जमिनीपासून ८१. म्हणजे ती सायकल दोन्ही पाय टेकून मला कधीच उभी धरता आली नसती. मध्ये सात सेंटीमीटर हवाच होती. लहानपणापासून सायकल थांबवताना मी एका अंगाला कलंडायचे, फूटपाथची कड शोधायचे, सिग्नलला धाकधूक व्हायची, त्याचं कारण हे सात सेंटीमीटर होते. मला इतकी वर्षं वाटत होतं, मलाच नीट जमत नाही.

गेल्या नऊ वर्षांत मी जुन्या लोखंडी फ्रेमवरून सहा सायकली उभ्या केल्या. आत्ता सातवीची फ्रेम जिन्याखाली खुंटीला टांगली आहे. शाळेत भूमिती शिकवते, घरी येऊन चहा घेते आणि हात काळे करायला खाली उतरते. हा छंद आहे आणि मला तो अतिशय प्रिय आहे. पण त्याच्या मुळाशी ती भिंतीवरची पेन्सिलची रेघ आहे, म्हणून तिथूनच सांगायला हवं.

मी वाईची. आमच्या घरात एकच सायकल होती, काकांची, २४ इंची, काळी, रॉडब्रेकची. सुट्टीत ती दुपारी दोन ते चार मोकळी असायची. आम्ही सगळी भावंडं तिच्यावर शिकलो, आणि सगळेच नळीत पाय घालून शिकलो. ज्यांनी असं कधी चालवलं नाही त्यांना सांगते : दांडीवरून टांग जात नाही म्हणून उजवा पाय दांडीच्या खालून, फ्रेमच्या मधल्या मोकळ्या जागेतून पलीकडच्या पायडलवर न्यायचा. डावा हात हँडलवर, उजव्या काखेत सीट, आणि सगळं शरीर एका बाजूला लटकलेलं. पायडल पूर्ण फिरत नाही, अर्धं खाली मारायचं आणि परत वर घ्यायचं. अशा अवस्थेत आम्ही गणपती घाटापर्यंत जाऊन यायचो. दोन वर्षांनी भाऊ उंच झाला आणि दांडीवरून टांग मारायला लागला. मी पाच फूट दोन इंचांवर थांबले. ‘टांग मारणे’ हा आपल्या भाषेतला सायकलवर चढण्याचा शब्द. तो शब्द माझ्यासाठी नव्हता, असं तेव्हा मनाशी धरून बसले.

पुण्यात कॉलेजला आले तेव्हा तासावर भाड्याने सायकल मिळायची. दुकानदार मुलींना ठरलेली एक लेडीज सायकल काढून द्यायचा. तिला आडवी दांडी नाही, दोन तिरक्या नळ्या खाली वाकून गेलेल्या. तिच्यावर मी बसायला लागले आणि पहिल्यांदा आरामात बसले, हे खरं. पण लक्ष्मी रस्त्यावर जरा जोरात वळवली की ती अंगाखाली पिळवटायची. पुढचं चाक एक म्हणतंय, मागचं दुसरं. ते का होतं, हे मला पुढे फळ्यावर आकृत्या काढता काढता समजलं.

सायकलच्या फ्रेमला सगळे दोन त्रिकोण म्हणतात. मागचा खरोखर त्रिकोण आहे : सीटची नळी, चाकाकडे जाणारी आडवी नळी आणि वरून उतरणारी तिरकी नळी. त्रिकोणाच्या बाजू बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, म्हणून तो भाग घट्ट. पुढचा मात्र चौकोन आहे, कारण हँडलखालची छोटी नळी ही त्याची चौथी बाजू. चौकोन कोनांत ढिला पडतो, सांध्यांना ताण सोसावा लागतो. लेडीज फ्रेममध्ये वरची नळी खालच्या नळीजवळ आणली की पुढचा भाग दोन समांतर काठ्यांसारखा होतो, आणि समांतर काठ्या पिळल्या जातात. जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये ‘रोव्हर’ सायकल आणली, तिथून आजच्या सायकलचा आकार घडत गेला. दांडी वाकवली गेली ती पायघोळ झग्यासाठी. त्यामागे उंचीचा विचार नव्हता, कापडाचा होता. बुटक्या बाईला मापाची, घट्ट, दांडीची सायकल हवी असेल तर काय, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही आणि आपल्याकडे तर नाहीच नाही.

आपल्याकडचे बहुतेक मोठे कारखाने स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला अॅटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये. आसनसोलला इंग्लंडच्या रॅले कंपनीशी हातमिळवणी करून सेन-रॅले. साचा एकच, विलायती काळ्या सायकलचा : २८ बाय दीडची चाकं, रॉडब्रेक, मागे लोखंडी कॅरिअर, पुरं वजन वीस किलोच्या आसपास. त्या सायकलीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. दुधाचे कॅन, गॅसची टाकी, ऊस, अख्खं कुटुंब तिने वाहिलं. पण मी दुकानात गेले की २२ किंवा २४. वीस इंची मागितली की “मागवावी लागेल” आणि ती कधी आली नाही. सायकल ठरलेली, माणसाने तिच्यात मावायचं. चप्पल विकताना असं कोणी करत नाही.

वीस इंची मला मिळाली जुन्या बाजारात. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळ, कुलपं, कॅमेरे, पाने, रेडिओची आतडी असं सगळं चादरीवर मांडलेलं असतं. लेकीला प्रयोगासाठी भिंग हवं होतं म्हणून गेलो होतो. एका चादरीच्या टोकाला नुसती फ्रेम आडवी पडली होती. चाकं नाहीत, हँडल नाही, रंग उडालेला. माझ्या नजरेत भरलं ते एवढंच की हँडलखालची नळी अगदी आखूड होती. दांडीचा जोड आणि खालच्या तिरक्या नळीचा जोड जवळजवळ एकमेकांना चिकटले होते, मध्ये करंगळीही जाईना. फ्रेम लहान होत जाते तशी ती चौथी बाजू आखूड होते आणि पुढचा चौकोन त्रिकोणाकडे झुकतो. ही फ्रेम नुसती लहान नव्हती, ती घट्टही असणार. मी तिथेच खाली बसले. पर्समधल्या टेपने मोजली, जेमतेम वीस. साडेतीनशे रुपयांत घेतली आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणली. भिंग राहिलंच.

तेव्हा मला काही कळत नव्हतं, फ्रेम चांगली निघाली हे नशीब. आता कोणी विचारलं तर सांगते : गंज वरून दिसतो त्याला घाबरू नका, पॉलिश पेपरने जातो. खालच्या बाजूला, पायडलच्या आसाभोवतीच्या नळीत पाणी साठतं, तिथे पान्याने ठोकून बघा. ठणठणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर आतून खाल्लंय. मग हँडलच्या जोडामागे तिरक्या नळीच्या पोटावरून डोळे मिटून बोट फिरवा. तिथे बारीक लाटेसारखी सुरकुती लागली तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. डोळ्याला ती सुरकुती चुकते, बोटाला चुकत नाही.

माझ्या फ्रेमला पायडलचं दातेरी चाक तसंच अडकलेलं होतं, आणि गंज पुसल्यावर त्यात कापून काढलेली बगळ्याची तीन डोकी दिसायला लागली. बगळा ही रॅलेची खूण. नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरचं एक छोटं दुकान १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक बाउडन यांनी घेतलं, त्यातून ही कंपनी वाढली. बगळा त्यांच्या घराण्याच्या चिन्हातला. हँडलखालच्या नळीवर कंपनीचा बिल्ला कधीच गेलेला, रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरलेली. खाली चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याला, मात्र तारेच्या घासण्याचा एक गोल चट्टा होता. नगरपालिकेचा सायकल कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा आणि तो तारेने सायकलला बांधायचा, हे माझ्या पिढीला आठवत असेल. तो चट्टा त्याचाच असावा असं मी धरून चालते.

पहिला गोंधळ झाला तो पायडलच्या आसापाशी. तिथे दोन्ही बाजूंना लोखंडी कप असतात, त्यांच्यात छर्रे आणि मधून तो आस, म्हणजे बीबी एक्सल. डाव्या बाजूचा कप सहज निघाला. उजव्या बाजूचा निघेना. मी रॉकेल सोडलं, रात्रभर ठेवलं, पाना लावून सगळी ताकद लावली, दुसऱ्या दिवशी पान्यात पाइप घालून त्यावर उभी राहिले. पाना सटकला, कपाच्या कडा गुळगुळीत झाल्या आणि माझ्या अंगठ्याचं नख गेलं. शेवटी फ्रेम खांद्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान चालवणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांचा नातू आमच्याच शाळेत होता, त्यामुळे ते मला बाई म्हणत.

“कुठल्या बाजूला फिरवताय बाई?”

“नेहमीसारखा. डावीकडे.”

“मग दोन दिवस तुम्ही आवळताय. उजव्या कपाचे आटे उलटे असतात.”

का उलटे, हे त्यांनी सांगितलं नाही, ते मी नंतर शोधलं आणि आता दरवर्षी नववीच्या वर्गाला करून दाखवते. मुठीत पेन्सिल सैल धरायची आणि दुसऱ्या हाताने तिचं वरचं टोक गोल फिरवायचं. पेन्सिल मुठीत स्वतःभोवती उलट दिशेने सरकत जाते. पायडल मारताना एक्सलचा दाब तसाच कपात गोल फिरतो आणि कप हळूहळू उलटा सुटायला बघतो. म्हणून उजव्या बाजूला आटे उलटे काढायचे, म्हणजे ते सुटणं आवळणं होतं. एवढं नाजूक गणित कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं आणि ते मिस्त्रींच्या मनगटात सवय होऊन बसलं होतं.

कप निघाला, पण मी खराब केला होता. नवीन आणला तर तो दीड आटा जाऊन अडकला. मिस्त्रींनी डोळ्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, “रॅले आहे ना. हिचे आटे बारीक.” नेहमीच्या कपाला एका इंचात २४ आटे असतात, रॅले स्वतःच्या कारखान्यात २६ काढायची. दोन आट्यांच्या फरकाने बाजारातला एकही कप बसणार नव्हता. मिस्त्री मागे गेले, बिस्किटांचा एक मोठा गंजका डबा आणला आणि बाकावर पालथा केला. चाळीस वर्षांत काढून ठेवलेले कप, कोन, कॉटर, वायसर, अर्धी फ्रीव्हीलं. त्यांनी ढिगात हात घातला आणि बोटांनीच आटे चाचपत एकेक कप बाजूला टाकत गेले. सहावा की सातवा हातात धरला आणि थेट फ्रेमला लावला. लोण्यात जावा तसा गेला. “राहू दे पैसे, डब्यातच पडून होता.”

त्या दिवसापासून मी शनिवारी दुपारी त्यांच्या दुकानात बसायला लागले.

दोऱ्याची गोष्ट त्यांच्याकडचीच. फ्रेम सरळ आहे का, हे पाहायला त्यांच्याकडे कुठलंही यंत्र नव्हतं. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधायचा, तो पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या खाचेपर्यंत आणायचा आणि ताणून बांधायचा. दोरा सीटच्या नळीच्या दोन्ही अंगांनी जातो. दोन्हीकडचं अंतर सारखं असेल तर फ्रेम सरळ. माझ्या फ्रेमला डावीकडे २२ मिलिमीटर भरले, उजवीकडे २७. पाचाचा फरक, म्हणजे मध्यरेषा अडीचने सरकलेली. मी वहीवर मांडलं : सीटची नळी दोऱ्याच्या लांबीत पुढून तीन भागांवर, मागून दोन भागांवर. समरूप त्रिकोण. तिथे अडीच दिसत असेल तर चाकाच्या खाचेपाशी चार मिलिमीटरहून थोडं जास्त. मिस्त्रींनी वहीकडे बघितलं नाही. दोऱ्याकडे बघून म्हणाले, “चार-साडेचार उजवीकडं गेलीय.”

मग त्यांनी फ्रेम आडवी केली, पुढचा भाग लाकडी ठोकळ्यावर दाबून धरायला मला सांगितलं आणि मागच्या नळ्यांमध्ये एक जुनी फळी घालून तिच्यावर हळूहळू वजन टाकलं. मला चर्र झालं. नळी वाकताना दिसत होती, एक बोटभर तरी. त्यांनी सोडलं, ती परत जागेवर आली. दोरा लावला, काहीच फरक नाही. पुन्हा, थोडं जास्त. पुन्हा दोरा. लोखंड परत येतं, त्याला चार हवं असेल तर दहापर्यंत न्यावं लागतं, आणि ते दहा नेमके कुठे संपतात हे दाबणाऱ्याच्या तळहातालाच कळतं. सहाव्या खेपेला दोन्हीकडे साडेचोवीस भरले. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला असं करायला गेलात तर ती चिरेल. कार्बनचा तर प्रश्नच नाही. कुणाच्या तरी अपघातात चार मिलिमीटर सरकलेली आणि म्हणून भंगारात गेलेली फ्रेम एका दोऱ्याने आणि एका फळीने परत रस्त्यावर येते, यासाठी मला लोखंड आवडतं. वजनाला जड आहे, गंजतं, सगळं मान्य.

रंग खरवडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. जोडांच्या कडेने केसाइतकी बारीक सोनेरी रेघ. ते पितळ. नळ्या जोडात बसवून साधारण ९०० अंशांना तापवतात आणि वितळलेलं पितळ त्या फटीत ओढलं जातं. एका जोडाच्या खालच्या अंगाला पितळेचा एक थेंब ओघळून गोठला होता, मसुराच्या डाळीएवढा. कानस लावून तो काढता आला असता. मी ठेवला. रंगाखाली तो आजही हाताला लागतो.

बाकीच्या जोडणीचं फार सांगत नाही, त्यात कष्ट जास्त आणि गोष्ट कमी. पावडर कोटिंगवाल्याने आट्यांवर पट्टी न लावताच भट्टीत घातली आणि सगळे आटे रंगाने भरून आले. ते सुईने खरवडण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. टायरवर नुसतं २६ वाचून टायर आणला, तो रिमवर चढेना. २६ इंच नावाची निदान दोन वेगळी मापं आपल्या बाजारात आहेत. २६ बाय १⅜ चा टायर रिमवर बसतो तिथे ५९० मिलिमीटर व्यासाचा असतो, डोंगरी सायकलींचा २६ बाय १.७५ हा ५५९. एकतीस मिलिमीटरचा फरक, आणि नाव एकच. तेव्हापासून मी टायर घेताना बाजूवर बारीक कोरलेला तीन आकडी नंबर वाचते आणि प्रत्येकाला तेच सांगते.

पण चाकाचा आऊट, म्हणजे वेडंवाकडं फिरणं, काढणं हे मात्र मला कोणीही कधीही करायला सांगावं. चाक उलट्या सायकलच्या चिमट्यात लावायचं, फिरवायचं, आणि रिमच्या अगदी जवळ खडू धरायचा. जिथे रिम बाहेर आलंय तिथे खडूची रेघ उमटते. त्या रेघेसमोरचा स्पोक पाव फेरी सैल, शेजारचा पाव फेरी घट्ट. पुन्हा फिरवायचं. रेघ लांबत जाते, फिकट होत जाते. शेवटी ती पूर्ण गोलभर एकसारखी उमटते किंवा उमटतच नाही. खडू माझ्याकडे कधी कमी पडला नाही. पहिल्या चाकाला मला तीन संध्याकाळ लागल्या. मिस्त्रींना चहा गार होईपर्यंतचा वेळ.

सायकल उभी राहिली. सीट किती उंच ठेवायची, त्याचंही गणित आहे : टांगेचं माप गुणिले ०.८८३. अमेरिकेचे ग्रेग लेमाँड टूर द फ्रान्स जिंकल्यावर हा गुणक जगभर पसरला. माझे ६५.३ सेंटीमीटर, पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत. आणि दांडी? २६ च्या चाकांवर जमिनीपासून साडेचौऱ्याहत्तर. चपला घालून उभी राहिले तर दोन्ही तळवे जमिनीवर, आणि दांडीला मी लागत नव्हते. पहाटे साडेपाचला रस्ता रिकामा असताना मी मागून पाय फिरवला आणि टांग मारली. वेताळ टेकडीच्या पायथ्याला जाऊन आले. प्रत्येक सिग्नलला, लाल नसतानाही, थांबत गेले. दोन पाय टेकून उभं राहायचं म्हणून.

या छंदात पुढे गेलं की जुन्या नावांचं वेड लागतं, आणि मला त्याचा राग नाही. एका माजी विद्यार्थ्याने लीड्सहून येताना एक फ्रेम आणली होती, तिच्यावर रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने ही मँगेनीज-मॉलिब्डेनमची नळी १९३५ मध्ये काढली. टोकांना, म्हणजे जोड येतो तिथे जाड, आणि मध्ये पातळ. नखाने टिचकी मारली तर तांब्याच्या भांड्यासारखी वाजली. माझ्या रॅलेची फ्रेम एका हाताने उचलावी लागते, ही दोन बोटांवर आली. त्याने मला ती देऊ केली, अगदी मनापासून. मी मापली : २३ इंच. तो सहा फुटांचा. मी त्याच्यासाठीच ती बांधून दिली. पुष्कळ जाणकार मंडळी नळी, वजन, साल यावर तासन् तास बोलतात आणि मग गुडघे पोटाशी किंवा हात लांबवर ताणून त्या सायकली चालवतात, पाठ धरली म्हणून महिन्यात सोडूनही देतात. माझ्या मते पहिला प्रश्न भिंतीपाशी, पुस्तक घेऊन विचारायचा. नळी कोणती हा दुसरा.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पाच घरं करतात. सकाळी सहाला निघतात, घराघरांत मिळून रोज सात-आठ किलोमीटर चालतात. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “माहेरी मी भावाची सायकल चालवायची ताई. नळीत पाय घालून.” मी लाटणं त्यांच्या हातातून घेतलं, गॅस बंद केला आणि त्यांना भिंतीपाशी उभं केलं. शब्दकोश. लेकीची रेघ अजून तिथेच होती, तिच्या आठ सेंटीमीटर खाली मावशींची आली. ६६.

त्यांच्या मापाची सायकल शोधायला पाच महिने लागले. शेवटी एका भंगारवाल्याकडे शाळकरी मुलीची जुनी फ्रेम मिळाली, १६ इंची, २४ च्या चाकांची. जाड स्प्रिंगची सीट लावली असती तर तिथेच चार बोटं उंची गेली असती, म्हणून पातळ सीट. मावशी साडी नेसतात, त्यामुळे मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी साडीगार्डची जाळी आणि पूर्ण चेनकव्हर. चेनकव्हरचा पत्रा मिस्त्रींनी कापून बेतला. आखूड क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे. पुढे टोपली. आणि रंग कुठला हवा, तर लाल, मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा हवा.

गुणाकाराने त्यांची सीट ५८.३ ला यायला हवी होती. मी ती ४८ ला ठेवली, पायांचे चवडे टेकतील एवढी. तीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसाला आधी जमीन हवी असते. मावशी पार्किंगमध्ये दोन चकरा मारायच्या, मग बिल्डिंगभोवती, आणि पंधरा दिवसांनी एका सकाळी फाटकातून आत आल्या त्या सायकलवरच. हँडलला डब्याची पिशवी, कपाळावर घाम. काही बोलल्या नाहीत, हात धुऊन कणीक मळायला घेतली.

महिन्याने म्हणाल्या, “सीट जरा वर करता का ताई? गुडघा लागतो.” मी सीटची नळी सैल केली, दोन बोटं वर घेतली आणि जुन्या जागी कानशीने बारीक खूण केली. त्यानंतर पावसाळ्याआधी एकदा. मग दसऱ्याला, सायकलला झेंडूचा हार घातल्यावर, स्वतःच पाना घेऊन आल्या. त्या नळीवर आता तीन खुणा आहेत आणि सीट ५५ ला आहे. अजून तीन सेंटीमीटर शिल्लक.